पॉइंट आणि स्थान

वऱ्हाडविषयी मराठीत प्रवासपर लिहायचे म्हटले की लेखाचा सांगाडा आधीच ठरलेला असतो. अमरावतीला उतरावे, अंबादेवी आणि एकवीरेचे दर्शन घ्यावे, परतवाड्यावरून घाट चढून चिखलदरा गाठावे, देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, पंचबोल पॉइंट, हरिकेन पॉइंट असे पॉइंट एकामागून एक उरकावेत, गाविलगडाच्या दरवाज्यात उभे राहून छायाचित्र काढावे, सेमाडोहच्या बाजूला जंगल ‘करावे’, आणि रजा शिल्लक असेल तर अकोल्याकडून नरनाळ्यावर जाऊन यावे. लेखाच्या शेवटी एक चौकट असते. तिच्यावर ‘जवळपासची इतर ठिकाणे’ असे लिहिलेले असते आणि आत मोझरी, कौंडण्यपूर, रिद्धपूर, वलगाव, बाळापूर ही नावे किलोमीटरच्या आकड्यांसह एकाखाली एक बसवलेली असतात. आमचे भांडण या चौकटीशी आहे.

माहिती अपुरी आहे अशी आमची तक्रार नाही. माहिती वाढवणे सोपे असते. एका ओळीच्या तीन ओळी केल्या की काम भागते. आमची तक्रार अशी की या प्रकारच्या लेखनाने गावाकडे पाहण्याची एक रीत रूढ केली, आणि ती रीत आता पर्यटन-पुस्तिकांपुरती उरलेली नसून साहित्यिकांच्या, अभ्यासकांच्या आणि शासनाच्याही अंगवळणी पडली आहे. ‘प्रेक्षणीय स्थळ’ हा शब्दच पाहा. पाहण्याजोगे काही असेल तर ते स्थळ, नसेल तर तो केवळ रस्ता. या कसोटीला वऱ्हाडचा बहुतेक मुलूख नापासच होणार. पूर्णेच्या खोऱ्यात दृष्टी पोचेल तिथपर्यंत काळी सपाट जमीन आहे. अकोला, दर्यापूर, अंजनगाव या बाजूला खारपाणपट्टा आहे, जिथे विहिरीला पाणी लागले तरी ते पिण्यायोग्य निघेल याची खात्री नाही. इथे धबधबा नाही, दरी नाही, सूर्यास्ताचा कट्टा नाही. म्हणून लेखक हा टापू गाडीच्या खिडकीतून ओलांडतो आणि सातपुड्याची रांग दिसू लागली की वही उघडतो.

चिखलदऱ्याचीच गोष्ट घेऊ. हे थंड हवेचे ठिकाण १८२३ साली रॉबिन्सन नावाच्या इंग्रज कप्तानाने ‘शोधून काढले’ असे आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक लेख सांगतो, आणि त्याच लेखाच्या पुढच्या परिच्छेदात गाविलगडाचे वर्णन असते. बहामनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात जो किल्ला बांधला, इमादशाहीने जो राखला, १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजांनी नागपूरकर भोसल्यांकडून जो हल्ला करून जिंकला, तो किल्ला त्याच पठाराच्या काठावर उभा आहे. चार शतके फौजा, रसद आणि खजिने ज्या डोंगरावरून ये-जा करीत होते तो डोंगर १८२३ साली सापडला कसा? आणि कोरकूंचे काय? त्यांना आपण कुठे राहतो हे एका कप्तानाने येऊन सांगायचे होते काय? एकाच पानावर ही दोन विधाने शेजारी शेजारी नांदतात आणि लेखकाला खटकत नाहीत, कारण तो वाचत नसतो, उतरवून घेत असतो. पॉइंट ही कल्पनाही तिथूनच आली. डोंगराच्या कडेला एक जागा ठरवायची, तिथे उभे राहून खाली पाहायचे, आणि खाली जे काही असेल ते ‘दृश्य’ समजायचे. पॉइंटावर उभा असलेला माणूस खालच्या गावाचे नाव विचारत नाही. मेळघाटातल्या बोरी, कोहा, कुंड या गावांना व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून उठवून आकोटच्या बाजूला वसवले गेले, ते याच शतकाच्या आरंभी. ही हकीकत कुठल्याही पॉइंटावरून दिसत नाही. ‘आदिवासी जीवनाचे दर्शन’ मात्र कार्यक्रमपत्रिकेत असते, न्याहारी आणि सफारी यांच्यामध्ये.

आता त्या चौकटीतले एक नाव बाहेर काढू.

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले गाव. जुन्या ग्रंथांत ते ऋद्धिपूर. तेराव्या शतकात गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, याच गावात राहिले. जवळच्या काटसुऱ्याचा हा मुलगा आईबाप वारल्यावर नातलगांनी इथे आणला आणि मग आयुष्यभर इथेच वावरला. लोक त्यांना वेडे म्हणत आणि तेच लोक त्यांना आई म्हणत, बाप म्हणत. ते कुणाच्याही घरात शिरत, कुणाच्याही ताटातले खात, पोरांशी खेळत, जातीचा उंबरठा त्यांना दिसतच नसे. चक्रधरस्वामींचे ते गुरू. चक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि बाकीची शिष्यमंडळी याच गावी येऊन राहिली. सराळ्याच्या म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्यांना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि याच गावातल्या वाजेश्वरी या स्थानी बसून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. परंपरा त्याचा काळ शके १२०० म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास सांगते. तो काही वर्षे पुढे न्यावा असे मानणारे अभ्यासकही आहेत. महदाइसेचे ‘धवळे’ इथलेच. गोविंदप्रभूंच्या आठवणींचा ग्रंथ, ज्याला ‘ऋद्धिपूरलीळा’ असेही म्हणतात, तो तर या एका गावच्या गल्ल्या, ओटे, बाजार, विहिरी यांतच घडतो.

ही माहिती देण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. शाळेच्या पुस्तकात ‘मराठीतील आद्य गद्यग्रंथ’ एवढी ओळ सर्वांनी वाचलेली आहे. आमचा मुद्दा त्या ग्रंथाच्या आरंभीच्या एका प्रसंगापाशी सुरू होतो. गुजरातेतल्या भरवसचा, म्हणजे आजच्या भडोचचा, हरिपाळदेव नावाचा प्रधानपुत्र घरातून निघतो तो रामटेकच्या यात्रेला म्हणून. रामटेक त्या काळीही नामांकित क्षेत्र. वाटेत ऋद्धिपूर लागते. तिथल्या बाजारात एक वेडगळ दिसणारा पुरुष उभ्या उभ्या काहीतरी खात असतो, तो आपल्या हातचा उरलेला घास या परक्या माणसाला देतो, आणि हरिपाळदेवाचा चक्रधर होण्याचा प्रवास सुरू होतो. रामटेक बाजूला राहिले. मराठी गद्यात नोंदलेला ऋद्धिपूरचा हा पहिला महत्त्वाचा पाहुणा दुसरीकडे जाण्यासाठी निघालेला होता, आणि त्याला थांबवणारी गोष्ट प्रेक्षणीय नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर मुख्य आकर्षण सोडून तो चौकटीतल्या गावात अडकला.

यापुढची गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. महानुभावांनी चक्रधरांच्या वास्तव्याच्या जागा पवित्र मानल्या. पण देऊळ, मूर्ती, क्षेत्रमाहात्म्य या वाटेने नव्हे. चक्रधर जिथे बसले, निजले, जेवले, बोलले ती जागा म्हणजे ‘स्थान’. त्यावर फार तर एक ओटा. गुरू गेल्यावर अनुयायाने ज्या चार गोष्टींचा आधार धरावा त्यांत स्थान ही एक. प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या बाकीच्या तीन. मग प्रश्न आला की ही स्थाने पुढच्या पिढीला सापडणार कशी? गावे उठतात, देवळे पडतात, फौजा येतात. त्या उत्तरातून चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ तयार झाली. ती मुनिव्यास कोठी यांच्या नावावर आहे, वि. भि. कोलते यांनी तिचे संपादन केले आणि १९७६ साली तिची दुसरी आवृत्ती मलकापूरहून निघाली. ज्यांनी ती चाळलेली नाही त्यांना ती रुक्ष वाटेल. ती गावामागून गाव घेते. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे दार कोणत्या दिशेला, आवार कुठे, चौकाच्या कोणत्या अंगाला बैठक, झाड कुठे, नदीची वाट कुठून, स्वामी कुठे बसले आणि कुठे निजले, हे ती सांगते. तिच्यात विशेषणे नाहीत. ‘नयनरम्य’, ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘इतिहासाची साक्ष देणारे’ असल्या शब्दांची तिला गरज पडली नाही. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, सहा शतकांनंतर ती पोथी हातात घेऊन त्या जागांचा शोध घेता येतो. त्याच परंपरेत नारायणव्यास बहाळिये यांनी ‘ऋद्धिपूरवर्णन’ लिहिले. महानुभावांच्या सात मानाच्या काव्यांतले एक काव्य संपूर्णपणे एका गावाविषयी आहे. युरोपीय नमुन्याच्या मार्गदर्शक पुस्तिका आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी वऱ्हाडच्या गावांविषयी मराठीत मार्गदर्शक वाङ्मय होते, आणि ते आजच्यापेक्षा काटेकोर होते. आम्ही ही वाट टाकून दिली आणि रॉबिन्सनच्या पॉइंटावर जाऊन उभे राहिलो.

यावर एक आक्षेप येईल तो आम्हांला ठाऊक आहे. स्थानपोथी हा श्रद्धावंतांसाठी लिहिलेला ग्रंथ, तिचा हेतू नमस्कार, तुमचा हेतू प्रवास. दोन्हींची तुलना कशी करता? तुलना हेतूची नाहीच, रीतीची आहे. श्रद्धेपोटी का होईना, त्या माणसांनी पायांनी अंतर मोजले, दाराची दिशा टिपली, जिथे खात्री नव्हती तिथे दुसऱ्याचे म्हणणेही नोंदले. लीळाचरित्राचीही हीच शिस्त आहे. खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली. त्यांत हिराइसा या स्त्रीच्या स्मरणातला पाठ मानाचा ठरला. एकच लीळा दोघांनी वेगवेगळी सांगितली तर दोन्ही ठेवायच्या, एकीवर काट मारायची नाही, हे ज्या परंपरेला तेव्हा सुचले तिच्या गावाविषयी लिहिताना आपण आज एकाच वाक्याची नक्कल शंभर ठिकाणी करतो, हे लाजिरवाणे आहे.

ते वाक्य कोणते? ‘रिद्धपूर ही महानुभावांची काशी होय.’ अलीकडे त्यात ‘मराठीची काशी’ अशी भर पडली आहे. या उपमेइतका त्या गावाचा घोर अवमान दुसरा नसेल. चक्रधरांनी आपल्या शिष्यांना मातापूर म्हणजे माहूर आणि कोल्हापूर या क्षेत्रांना जाऊ नका असे सांगितले होते. ती ‘साभिमान’ स्थाने, म्हणजे अभिमान बाळगणारी स्थाने, असे कारण सूत्रपाठात दिलेले आहे. जिथे कुणी ओळखत नाही अशा मुलखाच्या टोकाला झाडाखाली राहावे, ही त्यांची शिकवण. क्षेत्राचा डामडौल ज्याने नाकारला त्याच्या गुरूच्या गावाला काशी म्हणायचे, म्हणजे नाकारलेल्या गोष्टीची झूल पुन्हा त्याच्याच अंगावर घालायची. पंथातले भाविक असे म्हणतात तेव्हा ती त्यांची मायेची भाषा आहे, तिच्याविषयी आम्हांला काही म्हणायचे नाही. पण जे साहित्यिक पंथाबाहेरून येतात, २७ फेब्रुवारीच्या आसपास गाड्या भरून येतात, राजमठासमोर फलकासह उभे राहतात आणि परतताना ‘काशी केली’ म्हणतात, त्यांनी हा शब्द वापरण्यापूर्वी निदान सूत्रपाठ उघडून पाहावा.

आणखी एक शब्द आहे, त्याविषयी तर कुणीच बोलत नाही. ‘मानभावी’. कोणताही मराठी कोश उघडा. अर्थ मिळेल ढोंगी, वरून साळसूद आणि आतून लबाड. हा शब्द महानुभाव या नावावरूनच आला. शतकानुशतके मराठी समाजाने या पंथाची कुचेष्टा केली, त्यांच्या काळ्या वस्त्रांवर कुत्सित गोष्टी रचल्या, आणि त्या द्वेषाचा अर्क एका विशेषणात साठवून ठेवला. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सांकेतिक लिपीची उकल केली, भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’त या वाङ्मयाची दखल घेतली, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांनी, नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी, पुढे कोलत्यांनी आयुष्ये खर्ची घातली, तेव्हा कुठे हे गद्य आपल्याला वाचायला मिळाले. म्हणजे आपण ज्याला आपला आद्यग्रंथ म्हणतो तो आपल्यापासून लपवावा लागला होता. रिद्धपूरला जाणाऱ्या मराठी माणसाला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. ती चौकटीत मावत नाही. तीत अभिमानाला फारशी जागाही नाही, म्हणूनच बहुधा ती सांगितली जात नाही.

मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याची घोषणा झाली. २०२४ साली त्याला पहिले कुलगुरू मिळाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. या तिन्ही गोष्टींचा आम्हांला आनंदच आहे; रिद्धपूरला विद्यापीठ असावे ही मागणी करणाऱ्यांची चिकाटी मोठी, आणि राज्याचे एक विद्यापीठ महानगर टाळून मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात येते ही घटना लहान नव्हे. पण घोषणेच्या दुसऱ्या दिवसापासून जे लेख आले ते वाचून आमची निराशा झाली. त्यांत गाव नव्हते. त्यांत गौरव होता, आद्यत्व होते, मराठीच्या वयाचा हिशेब होता. रिद्धपूर हे नाव त्यांत दाखल्यासारखे वापरले गेले, जसे जुन्या दस्तऐवजाचे क्रमांक वापरतात. एखाद्या भाषेचे पहिले मोठे गद्य अशा गावातून यावे, जिथे त्याचा नायक बाजारात खातो, चिखलात खेळतो, बायकांच्या स्वयंपाकात लुडबुड करतो, यातले नवल कुणाला वाटले नाही. दरबारात नव्हे, मठाधिपतीच्या आसनावर नव्हे, तर ओट्यावर बसून बोललेली भाषा आपली पहिली लिखित गद्यभाषा ठरली. आणि आपण तिचा गौरव मात्र दरबारी शब्दांत करतो.

रिद्धपूरविषयीचे बारकाईचे काम सध्या कुठे सापडते तेही सांगून टाकू. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने ‘द डीड्स ऑफ गॉड इन ऋद्धिपूर’ या नावाने गोविंदप्रभुचरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४ साली प्रसिद्ध केला. २००३ सालच्या ‘कनेक्टेड प्लेसेस’ या पुस्तकात तिने महानुभावांच्या स्थानांचा, महाराष्ट्र या कल्पनेशी त्यांच्या नात्याचा विचार केला. आम्हांला परदेशी अभ्यासकाचे कौतुक करून आपल्यांना हिणवायचे नाही. ती सवयही वाईटच. कोलत्यांच्या संपादनांशिवाय तिचे काम झाले नसते हे तीही जाणते. पण कोलत्यांच्यानंतर आपण काय केले? कोलते याच वऱ्हाडचे, बुलढाणा जिल्ह्यातले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६७ च्या भोपाळ साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांची पुस्तके आज एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात भेटतात. रिद्धपूरला जाणाऱ्या वाटसरूच्या पिशवीत ती असण्याची शक्यता नाही.

रिद्धपूरवर आम्ही जास्त थांबलो. पण चौकटीतल्या बाकीच्या गावांचे दुःख वेगळे नाही. कौंडण्यपूर घ्या. वर्धा नदीच्या काठी, तिवसा तालुक्यात, पलीकडे आर्वी. रुक्मिणीचे माहेर. तिथून पंढरपूरला पालखी जाते, माहेरचा आहेर घेऊन. लेखात एवढे येते आणि लेखक पुढच्या गावाला लागतो. या गावाच्या टेकाडांचे उत्खनन झाले, मो. गं. दीक्षितांचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला, जुन्या वस्तीचे थर तिथे मिळाले, हे तिथे उभे राहणाऱ्याला कळत नाही. कथा आणि माती यांचे एकमेकींशी काय नाते, या दोन गोष्टी एकाच गावात कशा राहतात, हा विचार करायला इतकी चांगली जागा दुसरी नसेल. शिवाय महदाइसेचे धवळे हे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचेच. रिद्धपूर आणि कौंडण्यपूर एकाच जिल्ह्यातली गावे. एका गावात बसून एक बाई जवळच्या गावच्या मुलीचे लग्न गाते, असेही त्या धवळ्यांकडे पाहता येईल. पुस्तिकांत ही दोन नावे एकाखाली एक असतात, त्यांच्यामध्ये फक्त स्वल्पविराम असतो. त्याच यादीत सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरणही असते, ‘सहलीसाठी उत्तम’ म्हणून; पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे त्या फलकावर शोधू नयेत.

अकोल्याच्या बाजूला बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा विटांचा किल्ला. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने पाया घातला आणि एलिचपूरचा नवाब इस्माइलखान याने १७५७ साली तो पुरा केला, असे गॅझेटियर सांगते. गावाबाहेर नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. पुण्याहून आलेला पर्यटक छत्रीसमोर पुरंदरचा तह आठवतो, मान हलवतो आणि शेगावला दर्शनाला निघून जातो. मोगलांच्या दक्षिणेतल्या कारभारात या गावाचे वजन काय होते, नद्यांच्या मध्ये किल्ला का घातला, इथले विणकर आणि कागदी कुठे गेले, हे प्रश्न त्याला पडत नाहीत, कारण त्याला मिळालेले वाक्य पुरेसे आहे: ‘मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री, पाहण्यासारखी.’ बाळापूर हे मुसलमान वस्तीचे मोठे गाव आहे आणि जुन्या सुफी घराण्याचे आहे. ती बाब पुस्तिका बहुधा टाळते. अचलपूरचीही तीच गत. इमादशाहीची राजधानी, लीळाचरित्रातले अळजपूर, रहमानशहा दुल्ह्याचा दर्गा, गावाबाहेरचा हौज कटोरा; आणि लेखात काय, तर ‘परतवाडा येथे जेवणाची चांगली सोय’. गो. नी. दांडेकर परतवाड्यात जन्मले. महाराष्ट्राला किल्ल्यांवर पायी हिंडायला शिकवणाऱ्या या माणसाने वऱ्हाडी बोलीत ‘पूर्णामायची लेकरं’ लिहिली, म्हणजे पॉइंट नसलेल्या त्याच सपाट मुलखाची कादंबरी लिहिली. त्यांचे दुर्गप्रेम सर्वांनी उचलले. पूर्णामाय तशीच राहिली.

मूर्तिजापूरविषयी लिहायचे तर सध्या शकुंतलेशिवाय कुणी लिहीत नाही. यवतमाळ आणि अचलपूर या दोन फाट्यांवर धावणारी ती अरुंद रुळांची गाडी कापसासाठी घातली गेली, ती किलिक निक्सन या विलायती कंपनीच्या मालकीची, हा तपशील चघळायला सर्वांना आवडतो. तिच्या हळू वेगावर हळवे होऊन लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना दर्यापूरला किंवा कारंजाला वेळेवर पोचायचे नव्हते. गाडी बंद झाल्यावर गरीब उतारूंचे भाडे किती वाढले हा विषय त्या लेखांत येत नाही. याच मूर्तिजापुरात गाडगेबाबांचे मोठे काम आहे, आणि गाव पाहण्याची दुसरी वऱ्हाडी रीत त्यांचीच. १८७६ साली शेंडगावला जन्मलेले, २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी देह ठेवलेले हे गृहस्थ आयुष्यभर हिंडत राहिले. गावात शिरायचे ते खराटा घेऊन. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे, आणि सकाळी पुढे निघायचे. पंढरपूरला जाऊन त्यांनी देवळाऐवजी धर्मशाळेकडे लक्ष दिले. आपले मंदिर करू नका, मूर्ती करू नका, असे ते सांगत. झाडणाऱ्याला गाव दिसते, अगदी कोपऱ्यापर्यंत दिसते. कुठे पाणी साचते, कुणाच्या दारासमोर घाण टाकली जाते, कोणती आळी गावाबाहेर आहे, हे खराट्याला कळते. आम्ही काही प्रवाशांनी खराटे घेऊन निघावे असे सुचवत नाही. आजकाल खराट्याबरोबरही छायाचित्रे निघतात. पण गाडगेबाबांच्या नावाची जी ‘स्थळे’ आता याद्यांत आली आहेत, तिथे जाणाऱ्याला त्यांची ही रीत सांगितली जात नाही आणि त्यांचा पुतळा मात्र दाखवला जातो, याला काय म्हणावे?

मग सर्वांत वजनदार आक्षेप. पर्यटन वाढले तर गावात पैसा येईल, पोरांना काम मिळेल, रस्ता होईल. तुमच्या वाङ्मयीन हट्टापायी गावाने मागासच राहायचे काय? आम्ही याच मुलखातले आहोत. कापसाचा भाव पडला की इथल्या घरात काय होते ते आम्हांला कुणी सांगायला नको, आणि रस्त्याला आमचा विरोध नाही. पण तीर्थविकास म्हणजे काय हे महाराष्ट्रभर पाहिलेले आहे. प्रवेशाला काँक्रीटची कमान, मग वाहनतळ, मग भक्तनिवास, मग जुन्या ओट्यांवर गुळगुळीत फरशी. फरशी बसली की दगड गेला. दगड गेला की दिशा गेली. ज्या पंथाने एका बैठकीची जागा कळावी म्हणून चौकाचे अंग लिहून ठेवले, त्याच्या गावात ती जागा सपाट करून तिच्यावर दिवे लावणे हा विकास असेल तर तो स्थानपोथीच्या विरुद्ध जाणारा आहे. शिवाय पैसा येतो तो कमानीच्या कंत्राटदाराकडे. पाच मिनिटे थांबणारा पाहुणा चहाचे पैसे देतो. दोन दिवस राहणारा जेवणाचे, अंथरुणाचे, वाट दाखवणाऱ्याचे देतो. गावाला दुसरा हवा आहे, आणि दुसरा यायचा तर त्याला थांबण्याजोगे काही सांगावे लागेल. ते सांगणे फरशीला जमत नाही.

तेव्हा आमची मागणी अगदी साधी आहे आणि ती नव्या विद्यापीठाकडे आहे. पहिल्या काही वर्षांत परिसंवाद थोडे कमी भरवावेत. विद्यार्थ्यांच्या हाती स्थानपोथी, ऋद्धिपूरलीळा आणि मोजपट्टी द्यावी आणि त्यांना गावात सोडावे. पोथीतले कोणते स्थान आज कुठे आहे, त्यावर काय बांधले आहे, ओट्याचे तोंड कुठे, पोथी आणि जागा यांत फरक कुठे पडतो, पंथाचे महंत काय सांगतात, शेजारची म्हातारी काय सांगते, दोन म्हणणी वेगळी असली तर दोन्ही, असे सारे लिहून घ्यावे. त्यात गोविंदप्रभू ज्यांच्या घरांत शिरत त्या साऱ्या आळ्याही याव्यात. मांगवाडा, महारवाडा म्हणून जुन्या पोथीत ज्यांची नोंद आहे त्या वस्त्यांतले लोक आज त्या आठवणींविषयी काय म्हणतात तेही यावे. मग हाच क्रम काटसुऱ्याला, अळजपूरला, कौंडण्यपूरला न्यावा. त्याची वही छापावी, स्वस्त छापावी, मराठीत छापावी, आणि तिची एक प्रत चांदूर बाजारच्या एस.टी. स्थानकावर, एक मोर्शीच्या, एक अमरावतीच्या ठेवावी. विशेषणे वापरू नयेत अशी अट संपादकाने पहिल्या पानावर घालावी. राजमठात शिरताना उन्हाळ्यात दुपारी पाय भाजतात की नाही, एवढे मात्र लिहावे. वऱ्हाडात मे महिन्यात येणाऱ्याला ते लागेल.